रेशमी पत्रांचे मौलाना आणि धर्मांतराचा हक्क

धर्मांतर हा शब्द उच्चारला की आपल्या देशातील काही मंडळींच्या डोळ्यांपुढे लगेच तीन गोष्टी उभ्या राहतात. पैसा, आमिष आणि तलवार. चौथी गोष्ट त्यांना दिसतच नाही. माणूस वाचतो, विचार करतो, जन्माने अंगावर आलेला धर्म आणि समोरचा धर्म यांची तुलना करतो आणि स्वतःच्या पायांनी चालत एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जातो, ही ती चौथी गोष्ट. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. मधली एकवीस वर्षे बाबासाहेब ग्रंथ वाचत होते. तरीही आमच्या माणसांना आज विचारले जाते की तुम्ही सवलतीसाठी बौद्ध झालात की रागाने? विचाराने झालात का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण खालच्या माणसाला विचार असतो हेच मुळात या मंडळींना मान्य नाही.

म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगायची आहे जो आपल्या धम्माचा नव्हता, आपल्या प्रांताचा नव्हता आणि आपल्या जातीचाही नव्हता. पण धर्मांतर म्हणजे काय, त्यानंतर माणसाने काय करायचे असते आणि समाज व सरकार त्याच्याशी कसे वागते, हे त्याच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. त्यांचे नाव मौलाना उबैदुल्ला सिंधी. शाळेच्या इतिहासात त्यांना ओळही मिळत नाही. भारत सरकारच्या टपाल खात्याने २०१३ मध्ये 'रेशमी पत्र चळवळी'चे तिकीट काढले तेव्हा काही वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या आणि पुन्हा शांतता झाली.

१० मार्च १८७२ रोजी पंजाबच्या सियालकोट जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घर शिखांचे, उप्पल खत्री. मुलाचे नाव बूटासिंग. जन्मापूर्वीच वडील गेले. आजोबाही फार जगले नाहीत. आई मुलाला घेऊन माहेरी आली आणि पुढे मामांच्या आधाराने डेरा गाझीखान जिल्ह्यातील जामपूर येथे राहिली. तिथल्या शाळेत बूटासिंग शिकत होता. १८८४ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, त्याला वर्गातल्या एका मुलाजवळ 'तुहफतुल हिंद' नावाचे पुस्तक दिसले. तो मुलगा होता आर्यसमाजी! पुस्तकाचा लेखक उबैदुल्ला नावाचा, जो स्वतः हिंदू घरातून मुसलमान झालेला होता. बूटासिंगने ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले. मग शाह इस्माईल यांचे 'तक्वियतुल ईमान' वाचले. एकेश्वरवादाचे म्हणणे त्याला पटले. पुराणांतील कथांपेक्षा हे सरळ आहे असे त्याला वाटले. तीन वर्षे हा मुलगा मनातल्या मनात विचार करत राहिला आणि १८८७ मध्ये घर सोडून निघाला. ज्या लेखकाच्या पुस्तकाने त्याला जागे केले त्याचेच नाव त्याने घेतले, उबैदुल्ला.

इथे थोडे थांबू या. या मुलाला आमिष कोणी दाखवले? तलवार कोणी दाखवली? एक पुस्तक, ते जवळ असलेला आर्यसमाजी मित्र आणि तीन वर्षांचा विचार, एवढाच या धर्मांतराचा पुरावा आहे. नातेवाईक मागावर आले म्हणून तो पंजाब सोडून सिंधमध्ये गेला. तिथे भरचूंडीचे सूफी पीर हाफिज मुहम्मद सिद्दीक यांनी त्याला आसरा दिला. या मुलाने अल्लासाठी आपल्याला आईबाप मानले आहे, असे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. उबैदुल्लांनी त्या शब्दाची आयुष्यभर किंमत ठेवली. जन्म पंजाबचा, भाषा पंजाबी, पण आडनाव लावले सिंधी. ज्या भूमीने जवळ घेतले ती आपली, हा त्यांचा हिशेब होता. जन्माने मिळालेली ओळख बाजूला ठेवून निवडलेली ओळख लावणे म्हणजे काय, हे आडनाव बदलणाऱ्या आपल्या पिढीला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८८ मध्ये ते देवबंदच्या दारुल उलूममध्ये दाखल झाले. ही संस्था १८६६ साली निघाली. तिचे पहिले विद्यार्थी मौलाना महमूद हसन हे तेव्हा तिथे शिकवत होते. त्यांच्या हाताखाली उबैदुल्लांनी हदीस, फिकह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, आणि तर्कशास्त्र शिकून घेतले. लक्षात घ्या, घरात अरबीचे वातावरण नसलेला, कालपर्यंत ग्रंथसाहेबापुढे माथा टेकणाऱ्या घरातला हा मुलगा. १८९१ मध्ये तो सिंधला परतला तो आलिम होऊन. अमरोटचे मौलाना ताज महमूद यांनी त्यांना पुढे जवळ केले आणि सक्करच्या इस्लामिया शाळेतील एका युसुफझाई मास्तरांच्या मुलीशी त्यांचे लग्न लावून दिले. त्यांनी उबैदुल्लांच्या आईलाही बोलावून घेतले. ती माउली शेवटपर्यंत मुलाजवळ राहिली आणि स्वतःच्या रीतीने राहिली. मुलगा मौलाना, आई आपल्या धर्मात आणि दोघे एका छपराखाली! धर्मांतराने घरे फुटतात असे छाती बडवून सांगणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

१९०१ मध्ये सिंधमधील पीर झंडा या गावी त्यांनी 'दारुल इर्शाद' नावाची शाळा काढली. १९०९ मध्ये गुरूंनी त्यांना देवबंदला परत बोलावले आणि माजी विद्यार्थ्यांची 'जमियतुल अन्सार' ही संघटना त्यांच्या हाती दिली. पण इथेच काही उलेमांशी त्यांचे खटके उडाले. काही शास्त्रीय प्रश्नांवरची त्यांची मते रुचली नाहीत, राजकारणाकडचा त्यांचा ओढा तर त्याहून रुचला नाही. त्यांच्या श्रद्धेवरच बोट ठेवले गेले आणि त्यांना देवबंद सोडावे लागले. पुढे १९१३ मध्ये दिल्लीत फतेहपुरी मशिदीत त्यांनी 'नजारतुल मआरिफ' नावाचे केंद्र काढले. हकीम अजमल खान यांच्यासारखी माणसे पाठीशी होती. मदरशात शिकलेला तरुण आणि इंग्रजी कॉलेजात शिकलेला तरुण यांनी एकत्र बसून कुराण शिकावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

१९१५ साली पहिले महायुद्ध चालू असताना महमूद हसन यांनी दोन दिशांना माणसे पाठवायची ठरवली. ते स्वतः मुंबईहून जहाजाने हिजाजला गेले आणि उबैदुल्ला डोंगर ओलांडून काबूलला गेले. काबूलमध्ये तेव्हा राजा महेंद्रप्रताप आणि मौलवी बरकतुल्ला हे जर्मन व तुर्की शिष्टमंडळाबरोबर आले होते. १ डिसेंबर १९१५ रोजी काबूलमध्ये हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले. अध्यक्ष महेंद्रप्रताप, पंतप्रधान बरकतुल्ला आणि उबैदुल्ला सिंधी गृहखात्याचे मंत्री. परक्या भूमीवरचे, कागदावरचे सरकार होते हे खरे. पण या मंत्रिमंडळाची रचना पाहा. जाट राजा अध्यक्ष, भोपाळचा मुसलमान पंतप्रधान आणि शिखाचा मुसलमान झालेला मौलाना गृहमंत्री. कोणी कोणाला तू जन्माने कोण, असे विचारले नाही.

९ जुलै १९१६ रोजी उबैदुल्लांनी पिवळ्या रेशमी कापडावर आपल्या गुरूंना पत्र लिहिले. काबूलमधील हालचाली आणि पुढच्या लढ्याची आखणी त्यात होती. कापड अंगरख्यात शिवता येते, कागदासारखे वाजत नाही, म्हणून रेशीम. पत्र नेणारा अब्दुल हक मुलतानला ज्यांच्या घरी उतरला त्या खानबहादुरांनी ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती दिले. खानबहादुरांची स्वतःची मुले लाहोरचे कॉलेज सोडून क्रांतीसाठी काबूलला गेली होती! पोरे देशासाठी घर सोडतात आणि बाप पदवीसाठी पत्र सोपवतो. असे खानबहादूर आणि रावबहादूर प्रत्येक समाजात होते आणि आहेत. पुढे हिजाजमध्ये महमूद हसन पकडले गेले, त्यांना माल्टाच्या कैदेत ठेवले. १९२० च्या जूनमध्ये ते सुटून मुंबईला उतरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारले.

या पत्रांचे पुढे काय झाले ते वकील म्हणून मला फार महत्त्वाचे वाटते. न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१८ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात रेशमी पत्रांचे प्रकरण आहे आणि उबैदुल्लांची ओळख करून देताना ते धर्मांतरित शीख आहेत, हे आवर्जून नोंदवले आहे. याच अहवालावर १९१९ चा रौलट कायदा उभा राहिला. ना वकील, ना दलील, ना अपील, अशी त्याची कीर्ती होती. त्याच्या विरोधातून १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग घडली. राजद्रोह्याची ओळख देताना सरकारला त्याचा पूर्वीचा धर्म का लिहावासा वाटला? कारण धर्म बदलणारा माणूस सत्तेला संशयास्पद वाटतो. जो बापाचा धर्म सोडतो तो राजाचा कायदाही सोडेल, अशी ती भीती आहे. इंग्रज गेले, पण ही भीती गेली नाही. तिच्याकडे पुढे येतोच.

काबूलमध्ये सात वर्षे काढल्यावर उबैदुल्लांचा एक भ्रम गळून पडला. सगळे मुसलमान एक आहेत आणि मुसलमान राजा आपल्याला मदत करील, ही ती आशा. अमीर आपल्या राज्याचा हिशेब पाहत होता. हिंदुस्थानातून आलेला मुसलमान तिथे आधी हिंदुस्थानी होता. अफगाणिस्तान आणि इंग्रज यांचा तह झाल्यावर या क्रांतिकारकांची अडचण होऊ लागली. तरीही १९२२ मध्ये त्यांनी काबूलमध्ये काँग्रेस कमिटी काढून ती राष्ट्रीय काँग्रेसला जोडून घेतली. त्याच वर्षी त्यांनी काबूल सोडले आणि ते मॉस्कोला गेले. लेनिन आजारी होते, भेट झाली नाही. पण काही महिने राहून रशियातील क्रांती त्यांनी जवळून पाहिली. देव न मानणारी ही माणसे गरिबासाठी जे करू पाहतात ते देव मानणाऱ्यांनी का केले नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. १९२३ मध्ये ते तुर्कस्थानला पोचले आणि ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द झाली तेव्हा तिथेच होते. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात लाखो लोक रस्त्यावर आले, ती तुर्कांनीच मोडीत काढली!

दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. उबैदुल्लांनी १९२४ मध्येच इस्तंबूलहून स्वतंत्र हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा एक आराखडा छापून काढला. हा आराखडा आजही वाचण्यासारखा आहे. हिंदुस्थान हा एकजिनसी देश नसून युरोपसारखा अनेक भाषांचा, अनेक लोकांचा प्रदेश आहे, म्हणून भाषेच्या आधारावर प्रजासत्ताके करावीत आणि त्यांचा संघ करावा, असे त्यात मांडले आहे. प्रत्येक प्रौढाला मत असावे. जमीनदारी संपवावी, मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे करावेत, खासगी मालमत्तेला मर्यादा घालावी. शेतकरी, कामगार आणि बुद्धीचे काम करणारे यांना त्यांच्या संख्येप्रमाणे प्रतिनिधित्व मिळावे. इंग्रज सरकारने हे पुस्तक हिंदुस्थानात येऊ दिले नाही.

बाबासाहेबांचे लिखाण वाचलेल्या वाचकाला इथे ओळखीच्या खुणा सापडतील. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेती आणि मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे करा आणि ते घटनेतच लिहा, असे सांगितले. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी म्हणत नाही. दोघांचे मार्ग, शिक्षण आणि अनुभव वेगळे होते. पण जो माणूस जन्मसिद्ध चौकट मोडतो तो पुढे मालकीची चौकटही तपासतो, एवढे यातून दिसते. फरकही सांगितला पाहिजे. मौलानांचा भर भाषेवर आणि वर्गावर आहे. बाबासाहेबांनी जातीला हात घातला, कारण जात मोडल्याशिवाय या देशात वर्गाची लढाई उभी राहत नाही हे त्यांना ठाऊक होते.

तुर्कस्थानातून मौलाना मक्केला गेले आणि सुमारे बारा वर्षे तिथे राहिले. राजकारण करायचे नाही या अटीवर. मग त्यांनी अध्ययन आणि अध्यापन केले. विषय एकच, दिल्लीचे अठराव्या शतकातील विद्वान शाह वलीउल्ला. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असेल. मराठ्यांविरुद्ध अब्दालीला बोलावणारी पत्रे त्यांच्या नावावर आहेत आणि पानिपत आपल्या मनात आहे. पण याच वलीउल्लांनी असेही लिहिले की मूठभर चैनखोरांचा भार शेतकरी आणि कारागिरांवर पडला की समाज कोसळतो. मौलाना सिंधींनी त्यांच्यातील हा धागा उचलला आणि धर्माचा अर्थ आर्थिक न्यायाच्या बाजूने लावला. परंपरेतून आजच्या माणसाला काय उपयोगी आहे ते घ्यायचे आणि त्यावर उभे राहायचे, ही त्यांची पद्धत.

मार्च १९३९ मध्ये, तब्बल चोवीस वर्षांनी, ते कराचीला उतरले. सिंधचे तेव्हाचे मुख्य मंत्री अल्लाबक्ष सूमरो यांनी त्यांच्या परतीसाठी खटपट केली होती. परतल्यावर दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांनी शिकवले. पण ज्यांनी हारतुरे आणले होते त्यांनाच त्यांचे बोलणे झेपेना. मुसलमानांनी युरोपीय पोशाख करावा, रोमन लिपी घ्यावी, यंत्रयुग स्वीकारावे, सर्व धर्मांच्या मुळाशी असलेले साम्य ओळखावे, असे हा देवबंदी मौलाना सांगत होता. काही उलेमांनी त्यांच्यावर कडक टीका केली. धर्माच्या नावाने देश वाटून घ्या, असे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांच्या आराखड्यात रेघा भाषेच्या होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये पंजाबच्या दक्षिणेस दीनपूर येथे त्यांचे निधन झाले. फाळणी पाहायला ते राहिले नाहीत.

आता थोडे परखड बोलले पाहिजे. मौलाना सिंधींचे उदाहरण दाखवून कोणी म्हणेल की बघा, इस्लाममध्ये नव्याने आलेला माणूस आलिम होतो, गृहमंत्री होतो, तिथे भेद नाही. हे अर्धे सत्य आहे. कुराणात जन्माचा भेद नाही हे खरे. पण हनफी फिकहमध्ये 'कफाअत' नावाचे प्रकरण आहे. लग्नात नवरा मुलीच्या बरोबरीचा हवा आणि बरोबरी मोजताना अरब नसलेल्यांमध्ये बाप आणि आजोबा मुसलमान होते का, हे पाहिले जाते. ज्याने स्वतःच इस्लाम स्वीकारला तो अशा घराण्याच्या बरोबरीचा नाही. धंदाही मोजला जातो. विणकर, न्हावी, चामडे कमावणारा हे कापड व्यापाऱ्याच्या खालचे. वधूच्या पालकांना ही अट सोडून देता येते, हेही त्याच शास्त्रात आहे. मौलानांच्या बाबतीत ती सोडली गेली. एका नामवंत पिराचा हात डोक्यावर होता आणि मुलगा खत्री घरातला, लिहिणारा-वाचणारा होता. तोच मुलगा चर्मकाराचा किंवा भंग्याचा असता तर त्याला देवबंदचा वर्ग, मास्तरांची मुलगी आणि मौलाना ही पदवी इतक्या सहज मिळाली असती का?

हा प्रश्न मी बाहेरून विचारत नाही. अश्रफ, अजलाफ आणि अरजल या उतरंडीविषयी बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात लिहिले आहे. अली अन्वर यांनी २००१ मध्ये 'मसावात की जंग' लिहून बिहारच्या पसमांदा मुसलमानांचे दुखणे वेशीवर टांगले. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींचे संघटन केले. म्हणजे प्रश्न त्यांच्या घरातूनच विचारला जात आहे. आणि भारताच्या कायद्यानेही या उतरंडीला हातभार लावला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना दिला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये, दीर्घ लढ्यानंतर, बौद्धांना दिला. दलित मुसलमान आणि दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांच्या प्रश्नासाठी केंद्राने २०२२ मध्ये आयोग नेमला. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे आपण स्वतः त्या दाराबाहेर उभे होतो. म्हणून त्यांच्या रांगेकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता कायद्याकडे येतो. बूटासिंग आज उत्तर प्रदेशात असता तर काय झाले असते? तिथल्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलण्यापूर्वी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणा करावी लागते. पोलीस चौकशी करतात. धर्मांतर गैरमार्गाने झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते घडवणाऱ्यावर असते. २०२४ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला आणि काही प्रकारांत शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली. म्हणजे पुस्तक जवळ असलेला मित्र साक्षीला, आसरा देणारे पीर आरोपीच्या पिंजऱ्यात आणि मुलगा सुधारगृहात. कोणी म्हणेल, मुलगा पंधरा वर्षांचा होता, अज्ञान मुलाचे रक्षण नको का? जरूर हवे. मुलाला पळवून नेणाऱ्यासाठी फौजदारी कायदा पूर्वीपासून आहे आणि असावा. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे.

या कायद्यांत वाढीव शिक्षा कोणाच्या धर्मांतरासाठी आहे ते वाचा. अज्ञान मूल, स्त्री आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती. १९६७ चा ओरिसाचा कायदा आणि १९६८ चा मध्य प्रदेशचा कायदा यांतही हीच यादी होती आणि ती पुढच्या कायद्यांत उतरत आली. चाळीस वर्षांचा दलित प्राध्यापक आणि दहा वर्षांचे पोर एका ओळीत! पीएच.डी. झालेली स्त्री आणि पाळण्यातले मूल एका ओळीत! याला संरक्षण म्हणायचे? मनूने स्त्री आणि शूद्राला स्वतंत्र बुद्धी नाकारली, इथे तीच गोष्ट कल्याणाची भाषा घालून कलमात बसवली आहे. ज्या माणसाच्या मताने सरकार बनते त्याला स्वतःचा धर्म निवडण्याची अक्कल नाही, असे हे कलम सांगते. आणि मूळ धर्मात परत जाणे म्हणजे धर्मांतरच नव्हे, अशी सूट उत्तर प्रदेशच्या कायद्यात आहे. म्हणजे दार एकाच बाजूने उघडते. बाहेर जायला परवानगी लागते, आत यायला लागत नाही.

१९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओरिसा आणि मध्य प्रदेशचे कायदे वैध ठरवले. धर्मप्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे त्यात म्हटले आहे. तो निकाल धर्मांतर करणाऱ्याविषयी बोलतो. जो स्वतः धर्म बदलतो त्याच्या सद्सद्विवेकाविषयी तिथे पुरेशी चर्चाच नाही आणि अनुच्छेद २५ ची सुरुवात तर सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यानेच होते. २०१२ मध्ये हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने आधी नोटीस देण्याची सक्ती रद्द केली. माणसाच्या मनात काय चालले आहे ते सरकारला आगाऊ कळवण्याचे बंधन घालता येत नाही, हा त्यामागचा विचार. आमच्या कामाची दिशा हीच असली पाहिजे. वकिलीत नाव बदलाचे, दाखल्याचे अर्ज घेऊन येणाऱ्या तरुणांना मी पाहतो. कारकुनाच्या पहिल्याच प्रश्नाने त्यांचा आवाज खाली जातो. 'का बदलले?' या प्रश्नाचे उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. ते बदलले, एवढे पुरे आहे.

पण हक्काची बाजू मांडून थांबलो तर मौलानांच्या आयुष्यातून आपण निम्मेच शिकलो असे होईल. त्यांचे धर्मांतर १८८७ मध्ये संपले नाही, तिथे सुरू झाले. परकी भाषा शिकले, मूळ ग्रंथ वाचले, जुन्या पंडितांशी वाद घातले, हद्दपारीत शिकवत राहिले. नवा धर्म स्वीकारला म्हणजे त्या धर्माच्या ठेकेदारांपुढे मान तुकवायची, असे त्यांनी केले नाही. बूटासिंगने विचार केला म्हणून तो उबैदुल्ला झाला आणि उबैदुल्ला झाल्यावरही त्याने विचार करणे सोडले नाही.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. पंजाबच्याच अंबाला जिल्ह्यातला हरनामदास नावाचा मुलगा भदंत आनंद कौसल्यायन झाला, त्याने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हिंदीत नेला आणि नागपूरला देह ठेवला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला श्रीलंकेपर्यंत गेले. आणि बाबासाहेबांनी आजारी शरीराने पालीचा कोश आणि व्याकरण यांवर काम केले. मग आज आपल्या वस्तीतल्या विहारात त्रिपिटकाचा एखादा खंड मूळ पालीतून वाचणारा तरुण किती ठिकाणी सापडतो? जयंतीला डीजे लावायला वर्गणी जमते, पाली शिकवणाऱ्या शिक्षकाच्या मानधनासाठी ती का जमत नाही? बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, पण मुलाने त्यातील एखाद्या प्रतिज्ञेचे कारण विचारले तर उत्तर देता येते का?

धर्मांतरित माणसाला दोन्हीकडून पुरावा मागितला जातो. सोडलेल्या घरचे लोक विचारतात, कशासाठी गेलास? नव्या घरचे लोक विचारतात, खरा आलास का? मौलाना सिंधींना दोन्ही प्रश्न विचारले गेले आणि दोन्ही प्रश्नांना त्यांनी अभ्यासाने उत्तर दिले. आपल्यालाही हेच करावे लागेल. कोर्टात हक्कासाठी भांडायचे ते आम्ही वकील भांडू. पण प्रत्येक विहारात आठवड्यातून एक दिवस पालीचा वर्ग आणि एक दिवस संविधानाचा वर्ग चालू करणे हे काम कोर्ट करणार नाही. ते तुम्हीआम्ही करायचे आहे. येत्या वर्षावासात आपापल्या विहारात एवढी सुरुवात तरी करू या.

जय भीम!